फोटो आहे, नोंद नाही

(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी 'डिजिटल चिकटवही' या विषयावर बोलण्याची मला विनंती केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी संगणकतज्ज्ञ नाही. इतिहास विषय घेऊन बी.ए. झाले आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेत लिपिक म्हणून काम करीत आहे. परंतु कार्यकर्ते म्हणाले, "ताई, तुम्ही तुमच्या घरच्या फोटोंचे जे केले आहे तेवढेच सांगा." म्हणून आज जे माझ्या हातून झाले ते आणि जे व्हायचे राहून गेले तेही, आपल्यापुढे मांडणार आहे.

सुरुवात बँकेतल्या एका प्रसंगाने करते. काही वर्षांपूर्वी एक आजी काउंटरवर आल्या. सोबत दहावीतली नात होती. आजींचे यजमान नुकतेच वारले होते. मला वाटले, खात्यावरचे नाव कमी करायचे असेल. तो अर्ज त्यांनी दिलाच, पण नंतर हळूच म्हणाल्या, "बाई, खातं उघडताना ह्यांचा फोटो लावला होता. तो मिळंल का? घरात दुसरा नाही." खाते दोघांच्या नावे होते. साहेबांनी जुना फॉर्म काढून आणायला सांगितला आणि नातीने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो घेतला. आजी बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा कोट ह्यांचा नव्हं. फोटोवाल्याचा. घालताना बाही तोकडी झाली म्हणून हसत हुते."

मित्रहो, तोपर्यंत माझ्यासाठी तो एक पासपोर्ट आकाराचा काळा-पांढरा फोटो होता. आजींच्या त्या दोन वाक्यांनी त्यात माणूस आला. नातीला मी म्हटले, "बाळ, फोटो घेतलास, आता आजी काय म्हणाली तेही लिहून ठेव." आजचे माझे सगळे भाषण म्हणजे हेच एक वाक्य आहे. बँकेत रक्कम कितीही मोठी असो, व्हाउचरवर तपशील नसेल तर ती कोणाची, कशाची, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. फोटोचेही तसेच आहे. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात हजार-दोन हजार फोटो आहेत. नोंद मात्र एकाचीही नाही.

आता माझ्या घरचे सांगते. माझे वडील गिरणी कामगार. आम्ही कुर्ल्यात तळमजल्यावरच्या खोलीत राहत होतो. घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रे खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत असत. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. आमच्या खोलीत ते कमरेच्या वर होते. माणसे वाचली, पेटी बुडाली.

पाणी ओसरल्यावर बाबांनी पेटी उघडली. फोटोंचे गठ्ठे एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते. दोन दिवस ते तसेच वाळू दिले आणि मग आम्ही ते सोडवायला बसलो. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटून निघू लागला. माझ्या आईच्या लग्नाचे फोटो आम्ही आमच्याच हातांनी फाडले. आम्हाला माहीत नव्हते, म्हणून हे झाले. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. भिजला की तो फुगतो आणि वाळताना गोंदासारखा चिकटतो. असे फोटो वाळू न देता, स्वच्छ गार पाण्यात ठेवून ओले असतानाच हलकेच वेगळे करावेत आणि चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत सुकवावेत. तेवढी सवड नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत. नंतर सावकाश काम करता येते. काचेला चिकटलेला फोटो तर ओढूच नये, काचेसकट त्याचा फोटो काढून घ्यावा. पुराच्या पाण्याने किती वस्त्या बुडतात हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. म्हणून हे आधी सांगितले.

आमचे अकरा फोटो वाचले. त्यातला एक मी आज येथे आणला आहे. १९७४ सालचा आहे. चाळीच्या एका रिकाम्या खोलीसमोर नऊ तरुण उभे आहेत. या नऊ जणांनी घरोघर वर्गणी काढून त्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली. एक टेबल, दोन बाकडी आणि एक दिवा, एवढीच तिची मालमत्ता. पुढे अनेक वर्षांनी त्याच बाकड्यावर बसून मी दहावीचा अभ्यास केला. मी बँकेची परीक्षा पास झाले, त्याचा पाया त्या खोलीत आहे.

बाबा शिस्तीचे होते. फोटोच्या मागे त्यांनी नऊही जणांची नावे शाईच्या पेनाने लिहिली होती. पुराच्या पाण्याने ती धुऊन नेली. मागे आता फक्त निळा डाग आहे. म्हणजे नोंद होती, पण ती शाईची होती आणि एकाच ठिकाणी होती.

यात पुराचा दोष किती आणि माझा किती, ते ऐका. पूर २००५ साली आला. बाबा २०११ साली गेले. मधली सहा वर्षे ते माझ्यासमोर होते. नऊही नावे त्यांना पाठ होती. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले असते तर पाच मिनिटांचे काम होते. मी इतिहासाची विद्यार्थिनी. परंतु इतिहास म्हणजे दुसऱ्याच्या घरचा, अशी माझी समजूत होती. मी विचारले नाही.

२०१९ साली मला जाग आली. माझी आत्या कराडजवळ गावी असते. १९७४ साली ती आमच्याच चाळीत राहत होती. फोटो घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने बोट ठेवून सात नावे सांगितली, बाबांसकट. एक कोण, तर रात्रपाळी करून सकाळी मुलांना गणित शिकवणारा. एक कोण, तर स्वतः सही करण्यापुरतेच शिकलेला. पण वर्गणीत सर्वांत पुढे. उरलेल्या दोघांवर बोट ठेवून ती म्हणाली, "थांब, आठवंल. पुढच्या खेपंला सांगते." पुढची खेप कोरोनामुळे २०२२ साली झाली. तेव्हा आत्याने फोटो हातात घेतला, बाबांच्या चेहऱ्यावर बोट ठेवले आणि मला विचारले, "हा कोण गं पोरगा?"

माझ्या चिकटवहीत त्या पानावर सात नावे आहेत आणि दोन ठिकाणी लिहिले आहे, 'नाव माहीत नाही.' ज्यांनी मला बसायला बाकडे दिले त्यांच्यातल्या दोघांची नावे मला ठाऊक नाहीत, याचे दुःख मी आजही बाळगून आहे.

बंधू-भगिनींनो, चिकटवही ही काही नवी गोष्ट नाही. वर्तमानपत्रातली कात्रणे, निमंत्रणपत्रिका, सभेची पत्रके चिकटवून ठेवणारी वडीलधारी माणसे आपण पाहिली आहेत. परदेशातही हा छंद जुना आहे. मार्क ट्वेन या प्रसिद्ध अमेरिकन लेखकाने १८७३ साली अशा वहीचे पेटंट घेतले होते. तिच्या पानांना आधीच गोंद लावलेला असे. फरक एवढाच की वही एक असते, तिला वाळवी लागते, ती भिजते आणि भावांच्या वाटण्यांत ती कोणातरी एकाकडे जाते. मोबाइलवर किंवा संगणकावर केलेल्या वहीच्या हव्या तितक्या प्रती निघतात. तिन्ही भावांकडे ती राहू शकते.

ही वही कशी करावी, ते आता थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, मूळ फोटोची. स्कॅनर असेल तर उत्तम. झेरॉक्सच्या दुकानातही स्कॅन करून मिळते. साधा ४ बाय ६ इंचाचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर १२०० बाय १८०० ठिपके मिळतात. ते त्याच आकारात पुन्हा छापायला पुरेसे आहेत. लहान पासपोर्ट फोटो मात्र ६०० डीपीआयवर करावा, म्हणजे तो मोठा करता येतो. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो. खिडकीजवळ, उन्हाची तिरीप न येईल अशा उजेडात, साध्या कापडावर फोटो ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि मोबाइल अगदी समांतर धरावा. फोटोच्या मागच्या बाजूचाही फोटो घ्यावा. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कोणाचे तरी अक्षर असते. माझ्या बाबांचे गेले, तुमच्याकडे असेल.

दुसरी गोष्ट, मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने लिहा, तेही कडेला आणि हलक्या हाताने. शाई पाण्यात जाते आणि बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पेन्सिलीचे शिसे पाण्यात विरघळत नाही. ज्या अल्बमच्या पानांना चिकट थर आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, त्यातले फोटो पिवळे पडतात आणि पुढे निघता निघत नाहीत. ते आधी स्कॅन करून घ्या.

तिसरी गोष्ट, नोंदीची. आणि हीच खरी वही. प्रत्येक फोटोला एक पान द्या. त्याखाली चार प्रश्नांची उत्तरे लिहा. कोण? कोठे? केव्हा? आणि चौथा, हे सांगितले कोणी? हा चौथा प्रश्न मी बँकेतून उचलला. आमच्याकडे नोंद करणाऱ्याची सही लागते. उद्या नातेवाइकांत दोन मते झाली तर कोणाच्या सांगण्यावरून काय लिहिले हे कळले पाहिजे. साल नक्की नसेल तर 'सुमारे' लिहा. नाव माहीत नसेल तर तसे लिहा. अंदाजाने नाव टाकू नका. शंभर वर्षांनी तोच अंदाज खरा ठरतो. हल्ली जुना पुसट फोटो स्वच्छ करून देणारी ॲप्स निघाली आहेत. त्यांनी चेहरा सुंदर दिसतो. परंतु पुसलेले डोळे यंत्र आपल्या मनाने काढते. ते डोळे आपल्या आजोबांचे नसतात. असा फोटो करायचा तर करा, पण मूळ फोटो शेजारी ठेवा आणि खाली तसे लिहा.

हे सर्व वर्डमध्ये, गुगल स्लाइड्समध्ये किंवा कॅन्व्हासारख्या ॲपवर करता येते. नक्षी, फुले, रंग लावावेत की नाही, ही ज्याची त्याची हौस. नोंद सुटू नये म्हणजे झाले. मराठी युनिकोडमध्येच लिहा. पूर्वीच्या मराठी फॉन्टची गंमत सांगते. माझ्या भावाची लग्नपत्रिका आम्ही मोठ्या हौसेने संगणकावर करून फ्लॉपीत ठेवली होती. पुढे फ्लॉपी चालवणारे यंत्र शोधून काढले, फाइल उघडली. पण तो फॉन्टच नव्हता, म्हणून नवऱ्या मुलाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि स्वल्पविराम! वही पूर्ण झाली की तिची पीडीएफ करा आणि कागदावरही एक प्रत छापून घ्या. फाइलला नाव देताना आधी साल घाला, म्हणजे फाइली आपोआप वर्षवार लागतात.

चौथी गोष्ट, प्रतींची. तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या घरी असावी. आमची पेटी एकाच घरी होती, याचा परिणाम आपण ऐकला. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. गुगलच्या खात्यात ठेवत असाल तर लक्षात घ्या, १ जून २०२१ पासून तेथे चढवलेले फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत धरले जातात. आणि दोन वर्षे उघडलेच नाही असे वैयक्तिक खाते पुसण्याचे धोरण त्यांनी डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. आमच्या बँकेतही दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण तेथून ती वारसाला मागता येते. पुसलेला फोटो मागता येत नाही. म्हणून ठेवीला जसा नॉमिनी लावता तसा फोटोंनाही लावा. गुगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. आपल्यामागे खाते कोणी पाहायचे हे त्यात सांगून ठेवता येते. मुलांनी आज घरी जाऊन आईवडिलांना ही सोय लावून द्यावी. त्याच वेळी बँकेच्या नात्याने एक सूचना: वहीत पासबुक, आधार कार्ड चिकटवाल तर त्यावरचे क्रमांक झाकून मगच इतरांना पाठवा.

आता कोणी म्हणेल, "ताई, आमच्या घरी जुने फोटोच नाहीत." ही अडचण मला ठाऊक आहे. ज्या पिढीला दोन वेळचे जेवण मिळवताना जीव मेटाकुटीला येई, तिने स्टुडिओत कधी जावे? माझ्या आजीचा एकही फोटो नाही. पण घरात एक पितळी तांब्या आहे. तिच्या भावाने तो आहेरात दिला होता. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी तिचे नाव घातले आहे. तिचे नाव लिहिलेली ती एकच वस्तू आमच्याकडे उरली आहे. आजीच्या पानावर मी त्या तांब्याचा फोटो लावला. त्याखाली आत्याने सांगितलेले लिहिले, की आजी भाकरी थापताना हिशेब तोंडी करी आणि वाण्याची चूक पैशापैशाने काढून दाखवी. मला आकड्यांची आवड कोठून आली, ते मला त्या दिवशी कळले.

तेव्हा तुमच्या घरी भांड्यावरचे नाव असेल, रेशन कार्ड असेल, गिरणीची पगारपावती असेल, शाळा सोडल्याचा दाखला असेल, आईने शिवलेली गोधडी असेल. त्यांचे फोटो घ्या. काहीच नसेल तर आवाज घ्या. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करता येते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांकडे जाऊन, त्यांना विचारून, त्यांच्या आठवणी या दोघींनी नोंदवल्या. त्या स्त्रियांनी काम केलेलेच होते. कोणीतरी जाऊन विचारले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. आपल्या घरातल्या माणसाला विचारायला मात्र बाहेरून कोणी येणार नाही. ते आपल्यालाच केले पाहिजे.

एकच विनंती करते आणि संपवते. संपूर्ण अल्बम घेऊन बसू नका. तो कधीच पुरा होत नाही आणि मग कंटाळा येतो. येत्या रविवारी एक फोटो घ्या, घरातल्या सर्वांत वडील माणसाशेजारी बसा आणि विचारा, "हे कोण?" जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. ते म्हणाले, "नंतर सांगते," तर त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा विचारा. मी तीन वर्षे थांबले होते.

अभ्यासिकेचा तो फोटो मी मोठा करून दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. मागच्या ओळीत डावीकडून तिसरा, कपाळावर केस आलेला. आणि उजवीकडचा शेवटचा, हातात वर्गणीची वही धरलेला. येथे बसलेल्यांपैकी अनेक ज्येष्ठ त्या काळी कुर्ल्याच्या आसपास राहत होते. जाताना कृपया चष्मा लावून तो एकदा पाहावा. शेजारी पेन्सिल ठेवली आहे.